विडीवाल्या अक्का : अंगठा तिसऱ्यांदा, आणि चौथरा रद्द

एप्रिलचा दुसरा आठवडा. अक्कांचा उजवा अंगठा पुन्हा फोडून केला.

नवीन वाचणाऱ्यांसाठी : सोलापुरात पूर्व भागात आमच्या दारासमोर बसून विड्या वळणाऱ्या शेजारच्या अक्कांचा पूर्णाकृती पुतळा मी सिमेंटमध्ये करतोय. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि भिजवून कापलेली पानं. मी यंत्रमागावर काम करणारा माणूस, कलाशाळेत गेलेलो नाही. गणपतीच्या कारखान्यात शाडू मळायला लागलो, आणि सुट्टीच्या दिवशी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपुढं उभं राहून कपड्यांच्या चुण्या वहीत काढत राहिलो. शिकणं झालं ते असं.

सांगाडा १० मिमी सळईचा, वर चिकन मेश, म्हणजे खुराड्याला लावतात ती बारीक तारेची जाळी. बोटांवर जाळी बसत नाही, म्हणून तिथं जस्ताचा मुलामा असलेली तार घेतली आणि तिच्यावर बारीक तार गुंडाळली. माल एकास दोन, म्हणजे एक भाग सिमेंटला दोन भाग वाळू, वाळू दोनदा चाळलेली. पहिल्या वेळी तो सकाळी अकराला लावला, हे चुकलं. चाळीस अंशांचं ऊन आणि पातळ थर. सिमेंट धरायच्या आत पाणी उडालं, माल आकसला, अंगठ्याच्या मुळाशी केसाएवढा तडा गेला. असा तडा वरून लिंपू नका. तारेपर्यंत फोडा, भिजवा, सिमेंटचं पाणी मारा, मग नवा माल. आता मी पहाटे पाचला लावतो आणि सात दिवस ओलं गोणपाट व त्यावर प्लास्टिक ठेवतो.

दुसरा अंगठा तडकला नाही. पण अक्का आल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, पान दाबायचं नसतं, फिरवायचं असतं. तू दाबलायस." खरं होतं. हात सुंदर झाला होता, पण त्या हातातून विडी झाली नसती. तोही फोडला.

याच कामासाठी मी पुतळे करतो. आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांचा किराणा या दोन बोटांवर आलाय, माझ्या शाळेची फीसुद्धा. ती हालचाल चुकली तर बाकीचा पुतळा कितीही हुबेहूब असो, मला नको.

पुतळा चौथऱ्यावर बसवायचा बेत मोडला. शिल्पकार रामकिंकर बैज यांचं शांतिनिकेतनातलं 'संथाल परिवार' (१९३८) हे शिल्प फोटोंतून पुन्हा पुन्हा बघतोय. सिमेंट आणि तांबड्या जांभ्याची खडी, आणि ती माणसं आपल्याच जमिनीवरून चाललेली. बसलेल्या बाईला उंचावर ठेवलं की बघणाऱ्याला तिचे हातच दिसत नाहीत. अक्का जमिनीवरच बसतील, शेजारी एक माणूस टेकेल एवढी जागा सोडून.

रंग देणार नाही. गोणपाट रविवारी काढतो. विडीच्या दोऱ्याचं मात्र अडलंय : तांब्याची तार उन्हापावसात टिकेल, पण फार जाड दिसते. कुणी इतकी बारीक तार सिमेंटात बसवली असेल तर सांगा.