साताऱ्यासाठी एक, पुण्यासाठी एक: महाग टीव्ही की स्वस्त टीव्ही?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्याकडे बरेच दिवस पुढे ढकललेल्या दोन खरेद्या एकदमच करायच्या ठरल्या. एक टीव्ही साताऱ्याला आई-बाबांच्या घरासाठी हवा होता आणि दुसरा पुण्यातल्या आमच्या फ्लॅटसाठी. साताऱ्याला मी ४३ इंचांचा साधा, बजेट वर्गातला टीव्ही घेतला, तर पुण्याला ५५ इंचांचा मिनी-एलईडी. दोघांच्या किमतींत चौपटीहून जास्त फरक आहे. हे कळल्यावर मामांनी फोनवर विचारलेच, "स्वतःला भारीतला आणि आईवडिलांना स्वस्तातला होय रे?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर फोनवर नीट देता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे.

महाग टीव्हीत जास्तीचे पैसे नेमके कशाचे लागतात, हे आधी पाहू. काचेचे, म्हणजे पॅनेलचे, असे बहुतेकांना वाटते. एलसीडी टीव्हीच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. सॅमसंगने २०२२ मध्ये एलसीडी पॅनेलचे उत्पादन थांबवले, सोनी स्वतः पॅनेल बनवत नाही, आणि आज जगातील एलसीडी टीव्हीची बहुतांश पॅनेले मोजक्या चिनी कारखान्यांतून बाहेर पडतात. त्यामुळे लाखाचा आणि पंचवीस हजारांचा टीव्ही यांची काच एकाच कारखान्यातून आलेली असणे अगदी शक्य आहे. खरा फरक पडतो तो काचेमागच्या प्रकाशयोजनेत, चित्रावर काम करणाऱ्या प्रोसेसरमध्ये आणि कारखान्यात रंग किती काळजीपूर्वक जुळवले आहेत, यात.

त्यातही प्रकाशयोजना सर्वांत महत्त्वाची. एलसीडीचे पिक्सेल स्वतः उजळत नाहीत. मागच्या दिव्यांचा प्रकाश ते अडवतात किंवा पुढे सोडतात, आणि अडवताना थोडा प्रकाश निसटतोच. स्वस्त टीव्हीत मागचे सगळे दिवे एकत्रच कमी-जास्त होतात. म्हणून रात्री खोलीतील दिवे मालवून एखादा अंधारा प्रसंग पाहिला, तर काळ्याच्या जागी राखाडी-निळसर पडदा दिसतो आणि चित्रपटाच्या वर-खालच्या काळ्या पट्ट्यासुद्धा उजळलेल्या दिसतात. मिनी-एलईडीमध्ये मागे अतिशय बारीक दिव्यांची दाटी असते, त्यांचे शेकडो विभाग केलेले असतात आणि जेथे चित्र काळे तेथील विभाग मंद होतो. ओएलईडीमध्ये तर मागचा दिवाच नसतो. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा म्हणजे खरोखर काळा. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दुकानातील विक्रेता आम्हांला म्हणाला, "साहेब, हा क्यूएलईडी आहे, ओएलईडीच्या जवळपासच समजा." तसे समजण्यासारखे काहीही नाही. क्यूएलईडी हा मागचा दिवा असलेला एलसीडीच असतो; क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांच्या थरामुळे त्याचे रंग अधिक भरीव दिसतात, एवढेच. काळ्या रंगाच्या बाबतीत तो कसा वागेल, हे त्याच्या दिव्यांच्या रचनेवर ठरते, नावावर नाही.

खोक्यावरचे "एचडीआर" आणि "डॉल्बी व्हिजन" हे शब्दही असेच जपून वाचावेत. एचडीआर म्हणजे उजळ आणि अंधाऱ्या भागांतला फरक अधिक ठळक दाखवणारे चित्र; डॉल्बी व्हिजन हा त्याचाच एक प्रकार. स्वस्त टीव्हीची उजळता साधारण २५० ते ३५० निट्स (निट हे उजळता मोजण्याचे एकक) असते, तर एचडीआरमधील बरेचसे चित्रपट १,००० निट्सचा हिशेब धरून तयार केलेले असतात. अशा टीव्हीला तो सिग्नल समजतो, पण दाखवण्याची ताकद त्याच्यात नसते. मग सूर्यप्रकाश, मशाली, आतषबाजी या सगळ्याची चमक दाबून टाकली जाते आणि कधी कधी एचडीआर चित्र साध्या चित्रापेक्षाही अंधारलेले दिसते.

आता साताऱ्याच्या घराकडे वळतो. तेथे टीव्ही दिवसभर चालू असतो. सकाळी बाबांच्या बातम्या, दुपारी पुन्हा बातम्या, संध्याकाळी सातपासून आईच्या मालिका, आणि भारताचा सामना असेल तर क्रिकेट. ट्यूबलाइट चालूच असते आणि सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर आहे. या वापरात खोल काळा रंग पाहायला कोणाला सवडच नाही, आणि उजेडात तो दिसतही नाही. उलट दिवसभर बातम्यांचे चॅनेल चालणाऱ्या घरात ओएलईडी नेणे मला धोक्याचेच वाटते. त्यातील पिक्सेल सेंद्रिय पदार्थांचे असतात आणि ते वापराप्रमाणे झिजतात. कोपऱ्यातला वाहिनीचा लोगो आणि खाली "ब्रेकिंग न्यूज"ची लाल पट्टी वर्षानुवर्षे एकाच जागी उमटत राहिली, तर तेथील पिक्सेल वेगळ्या गतीने झिजून त्या पट्टीची सावली पडद्यावर कायमची राहू शकते. हे टाळण्यासाठी कंपन्या पिक्सेल किंचित सरकवण्यासारखे उपाय करतात, पण आपल्या वृत्तवाहिन्यांनी पडद्याचा खालचा भाग ज्या पद्धतीने कायमचा व्यापला आहे, ते पाहता मी तरी तो जुगार खेळणार नाही.

फोर-केचा, म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेलांचा, मुद्दाही तेथे फारसा लागू होत नाही. सामान्य दृष्टीच्या माणसाला ४३ इंचांच्या पडद्यावर फुल एचडीचे पिक्सेल वेगळे दिसण्यासाठी साधारण साडेपाच फुटांच्या आत बसावे लागते, ५५ इंचांवर सुमारे सात फुटांच्या आत. नऊ फुटांवरून फोर-केचा तपशील डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डीटीएचवरील साध्या, एसडी वाहिनीचे चित्र जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ पिक्सेलचे असते आणि फोर-के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६० पिक्सेल असतात. गुणाकार करून पाहावा: पडद्यावरील दर वीस पिक्सेलांमागे एकच पिक्सेल वाहिनीकडून आलेला असतो आणि उरलेले एकोणीस टीव्ही आपल्या अंदाजाने भरतो. हा अंदाज महाग टीव्हीचा प्रोसेसर खरोखरच चांगला बांधतो, हे मान्य केले पाहिजे. मालिकेतील साडीचा काठ आणि पात्रांचे केस तेथे कमी भुरकट दिसतात. परंतु त्यासाठी लाख रुपये मोजण्यापेक्षा मूळ सिग्नल सुधारणे कितीतरी स्वस्त पडते, आणि पडदा जितका मोठा, तितकी एसडीची दैना अधिक उघडी पडते. म्हणूनच तेथे ४३ इंच.

सिग्नल सुधारणे म्हणजे काय, तेही सांगतो. साताऱ्याच्या घरी सेट-टॉप बॉक्स एचडीचा होता, पण तो टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या टोकांच्या जुन्या एव्ही वायरने जोडलेला होता. ती वायर एचडी चित्र वाहूच शकत नाही. एचडीएमआय केबल लावली, बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०आय केले, बाबांच्या आणि आईच्या ठरलेल्या वाहिन्या जेथे एचडीत मिळतात तेथे तो क्रमांक "फेव्हरिट"मध्ये टाकला, आणि चित्रात जो फरक पडला तो कोणत्याही प्रोसेसरने पडला नसता. ज्या घरी टीव्ही बदलण्याचा विचार चालू आहे, त्यांनी आधी टीव्हीमागे हात घालून ही वायर तपासावी, असे मी आवर्जून सुचवीन.

स्वस्त टीव्हीचे खरे दुखणे चित्र नसून त्याचा मंदपणा आहे. एक-दीड जीबी रॅम, मुखपृष्ठावर जाहिराती आणि रिमोटचे बटण दाबल्यावर तीन-चार सेकंदांनी हलणारा पडदा यांमुळे वयस्कर माणसे तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतात आणि भलतीकडेच जाऊन पोहोचतात. यावर उपाय आहे. टीव्ही चालू होताच थेट सेट-टॉप बॉक्सचा एचडीएमआय इनपुट उघडेल अशी सोय बहुतेक टीव्हींत असते. ती लावून द्यावी. पुढे दोन-तीन वर्षांनी अॅप चालेनाशी झालीच, तर चार-पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावून टीव्हीचा मेंदू बदलता येतो.

पुण्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे आम्ही सोफ्यावर टीव्हीपासून सात फुटांपेक्षाही जवळ बसतो, बातम्या लावत नाही, आणि मुले झोपल्यावर दिवे मालवून चित्रपट आणि वेबमालिका पाहतो. अशा वापरात प्रकाशयोजनेचे पैसे वसूल होतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, पडद्यावर २४ चा भाग पूर्ण जात नाही, म्हणून काही चौकटी दोनदा तर काही तीनदा दाखवाव्या लागतात आणि कॅमेरा संथपणे फिरताना चित्राला बारीक हिसके बसतात. १२० हर्ट्झमध्ये २४ बरोबर पाच वेळा बसतात, त्यामुळे ते हिसके जातात. मात्र तपशीलपत्रकात "मोशन २४०" असे काही लिहिले असेल, तर तो पडद्याचा वेग नव्हे. "नेटिव्ह रिफ्रेश रेट" किती, हे विचारावे.

मग ओएलईडीच का नाही? त्याचे कारण आमचा पश्चिमेकडचा बाल्कनीचा दरवाजा. सुट्टीच्या दुपारी मुले टीव्ही पाहतात, तेव्हा चार वाजल्यानंतर खोलीत ऊन भरते. संपूर्ण पडदा उजळायचा असतो तेव्हा मिनी-एलईडी ओएलईडीपेक्षा बराच जास्त प्रकाश देऊ शकतो. काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या सबटायटलांभोवती त्याचे किंचित तेजोवलय दिसते, हे खरे आहे, आणि मला ते खटकतेही. पत्नीला ते दाखवल्याशिवाय दिसले नव्हते आणि दाखवल्याबद्दल तिने अजून मला माफ केलेले नाही.

महाग टीव्ही घेणाऱ्यांनी एक खर्च आधीच धरून ठेवावा. नेटफ्लिक्सवर फोर-के चित्र ६४९ रुपयांच्या मासिक प्लॅनमध्येच मिळते. ४९९ च्या प्लॅनमध्ये फुल एचडीपर्यंतच मजल जाते. लाखाचा टीव्ही घेऊन खालचा प्लॅन चालू ठेवणारे एक शेजारी आमच्याच सोसायटीत आहेत, आणि टीव्हीत "काही विशेष नाही" अशी त्यांची तक्रार असते.

दुकानात पारख कशी करावी, याबद्दल थोडेसे. तेथील सगळे टीव्ही "व्हिविड" मोडवर, भगभगीत उजेडात, फुलांचे आणि माशांचे तेच ते डेमो चित्रण दाखवत असतात. त्यात सगळेच सुंदर दिसतात. विक्रेत्याला मोड "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" करायला सांगावे, शक्य असेल तर एखादी एसडी वाहिनी लावून पाहावी, आणि पेनड्राइव्हवर रात्रीचा एखादा प्रसंग नेऊन तोच दोन्ही टीव्हींवर लावावा. नंतर बाजूला सरकून उभे राहावे. बजेट टीव्हीत व्हीए पॅनेल असेल तर समोरून काळा रंग बरा दिसतो, पण बाजूने चित्र फिके पडते. आयपीएस पॅनेल बाजूनेही सारखे दिसते, पण अंधारात राखाडी वाटते. साताऱ्याला बाबांची खुर्ची टीव्हीच्या एका बाजूला आहे आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून मालिका पाहते, म्हणून तेथे मी मुद्दाम आयपीएस निवडला.

राहिला दुरुस्तीचा विषय, आणि निर्णय पक्का झाला तो येथेच. साताऱ्याच्या आधीच्या टीव्हीच्या पडद्यावर उभी रेघ आली होती; वॉरंटी संपलेली होती आणि सर्व्हिस सेंटरने पॅनेल बदलण्याचा जो खर्च सांगितला, तो जवळजवळ नव्या टीव्हीएवढा होता. यात नवल नाही, कारण टीव्हीच्या किमतीतील सर्वांत मोठा वाटा पॅनेलचाच असतो आणि ते आजही बहुतांशी आयातच होते. पावसाळ्यात तेथे वीज दिवसातून अनेकदा जाते-येते आणि विजेचा दाबही वर-खाली होतो. अशा ठिकाणी दीड लाखाचा पडदा भिंतीवर टांगून आई-बाबांना त्याची काळजी करायला लावण्यापेक्षा साधा टीव्ही, त्याला स्टॅबिलायझर, वाढीव वॉरंटी आणि गावात घरी येणारा तंत्रज्ञ असलेला ब्रँड हे मला जास्त शहाणपणाचे वाटले. वाचलेल्या पैशांतून तेथे साऊंडबार घेतला. पातळ टीव्हींचे स्पीकर बहुधा खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून असतात आणि संवाद भिंतीला जाऊन आदळतात. साऊंडबारच्या "व्हॉइस" मोडवर बाबांना बातम्या आता निम्म्या आवाजात ऐकू येतात. पुण्याच्या टीव्हीला अजून साऊंडबार नाही.