जँगो महोत्सवाला जाणाऱ्यांनो, परतीचं आधी बघा

पॅरिसजवळच्या सामुआ गावावरून याला सगळे अजून 'सामुआचा महोत्सव' म्हणतात, तिकीट विकणाऱ्यानेही मला नकाशा सामुआचाच पाठवला. कार्यक्रम तिथे नाही! जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या नावानं सामुआला सेन नदीतल्या बेटावर भरणारा हा महोत्सव 2016 च्या पुरामुळे शेजारच्या फाँतेनब्लो शहरातल्या राजवाड्याच्या आवारात हलला, तो तिथेच राहिला. सामुआत खोली घेतलीत तर मैदान सहा-सात किलोमीटर लांब पडेल.

जायला काही त्रास नाही. पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनहून आर लाइनची लोकल गाडी, चाळीसेक मिनिटांत फाँतेनब्लो-आव्हाँ स्टेशन. 2025 च्या दरानं तिकीट 2.50 युरो. हाल होतात ते रात्री. शेवटचं वादन मध्यरात्रीपर्यंत लांबतं, बस नसते, आणि स्टेशन अडीच-तीन किलोमीटरवर. तेवढ्यासाठी टॅक्सीवाल्यानं चाळीस युरो मागितले. ही शुद्ध लूट आहे, देऊ नका. टॉर्च घ्या आणि सरळ चालत सुटा. 1953 मध्ये पॅरिसला वाजवून जँगो याच आव्हाँ स्टेशनावरून पायी सामुआतल्या घरी निघाला होता आणि दारात कोसळून गेला. वय अवघं 43.

आता वादन. त्या रात्रीच्या संचात तीन गिटार, व्हायोलिन, डबल बेस, ड्रम नाहीच. ठेका धरतात दोन गिटारी. उजवा हात तारा छेडतो, लगेच डावा हात पकड सैल करतो, त्यामुळे आघात तुटक, कोरडा पडतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर जोर येतो. पुढचा गिटारवाला कितीही सुसाट सुटो, हा ठेका तसूभर हलत नाही. अंगावर काटा येतो! 1928 च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाल्यावर जँगोनं उरलेल्या दोन बोटांवर जी वादनरीत उभी केली, ती आजचे वादक चारही बोटं शाबूत असताना जीव तोडून शिकतात. म्हणून जागा ठेका धरणाऱ्यांच्या समोरची पकडा. मागे गवतावर स्पीकरमधून फक्त सोलो ऐकू येतो, ते पैसे वाया.

राजवाडा बघून झाला, छान आहे. पण दुपार गिटार बनवणाऱ्यांच्या तंबूंत घालवा. तिथे अनोळखी वादक घोळका करून बसतात, पाळीपाळीनं वाजवतात, आणि जँगो वाजवायचा तशा, सेल्मर धाटणीच्या गिटारीचा विनामाइक खणखणीत आवाज हातभरावरून ऐकायला मिळतो. मला मंचापेक्षा तेच जास्त आवडलं.

जून संपत आला तरी रात्री गारठा पडतो, जाड स्वेटर हवाच. आणि खोली आव्हाँमध्ये, स्टेशनच्या बाजूला घ्या. शेवटच्या गाडीपायी 'वन्स मोअर' सोडून पळावं लागणार नाही.