टेम्पो खाली थांबला होता

मे महिन्यातली सकाळ. कोल्हापूरच्या शाहूपुरीतून एका काकूंचा फोन आला, "बाळा, आज सामान पुण्याला निघतंय. कॉम्प्युटर आणि प्रिंटर नीट बांधून देशील का? पॅकर्सच्या पोरांवर माझा भरवसा नाही." काका जाऊन वर्ष झालं होतं आणि काकू मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या.

मी पोचलो तेव्हा एक पोरगा इंक टँक प्रिंटर उभा करून खोक्यात घालत होता. मी जवळजवळ ओरडलोच. चारही टाक्यांत शाई अर्ध्याच्या वर होती. असा प्रिंटर कलला की शाई आत सांडते आणि नळ्यांत हवा शिरते. मी तो परत टेबलावर घेतला, प्लग लावून चालू केला आणि त्याच्याच बटणाने बंद केला. थेट प्लग ओढला तर हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, वाटेतच अडकून राहू शकतं. बटणाने बंद केलं की ते सरकत उजव्या कोपऱ्यात आपल्या जागी बसतं, टोप्या घातल्यासारखं. आवाज थांबेपर्यंत थांबलो, झाकण उघडून खात्री केली आणि हेड हलू नये म्हणून चिकटपट्टी लावली. टाक्यांची बुचं घट्ट केली, बाजूची खुंटी वाहतुकीच्या खुणेवर फिरवली. खोक्यावर मार्करने ठळक लिहिलं, 'सपाटच ठेवा'.

मग कॉम्प्युटर. वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढतोच मी. पण त्याहीआधी विचारतो, यातलं दुसरीकडे कुठे ठेवलंय का? काकू म्हणाल्या, "ह्यांनी सगळं ह्यातच ठेवलंय. सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या ना."

ओव्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क तपासली. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये पिवळा इशारा. वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, साठत चालले होते. कान लावला तर मधूनच टक्-टक् आवाज. अशी डिस्क टेम्पोच्या धक्क्यांत अडीचशे किलोमीटर पाठवायची? मी पोरांना सांगितलं, "बाकीचं भरा, हे शेवटी." डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क वगैरे चालवलं नाही. दमलेल्या डिस्कला आणखी दमवायचं नसतं. जे सगळ्यात मोलाचं ते आधी बाहेर काढायचं. माझी बाहेरची डिस्क जोडली आणि ओव्यांचा फोल्डर कॉपीला लावला. अकरा जीबी.

एरवी दहा-पंधरा मिनिटांचं काम, दोन तास चाललं. मधे आकडा जागीच थांबायचा, काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या. खालून ड्रायव्हरचे दोन हॉर्न झाले. एक फाइल शेवटपर्यंत आली नाही, चार वेळा प्रयत्न केला. बाकी सगळ्या आल्या. एक वाजवून पाहिली. आधी जात्याची घरघर, मग म्हातारीचा आवाज. काकू खाली बसल्या.

पुढची बांधाबांध भराभर झाली. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला जुनी सुती चादर गुंडाळली (मोकळं थर्माकोल मी कॅबिनेटला लागू देत नाही, घासून स्टॅटिक वीज तयार होते), मदरबोर्डची, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाची, बाजू खाली येईल असा आडवा ठेवला. मॉनिटर उभा, त्याच्या काचेवर मऊ कापड. यूपीएसची बॅटरी सोडवून वेगळ्या खोक्यात, कारण ती जड वस्तू कशाच्याही वर पडली तर संपलंच. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी.

माझी डिस्क मी काकूंच्या हातात दिली. "ही सामानात टाकू नका. जवळच्या पिशवीत ठेवा."

तिसऱ्या दिवशी पुण्यातून फोन आला. प्रिंटरच्या निळ्या रंगात रेघा तुटत होत्या. दोनदा हेड क्लीनिंग करायला सांगितलं, भरून आल्या. कॉम्प्युटर मात्र चालूच होईना. डिस्क गेली होती. मुलगा नवी बसवून घेणार होता.

"आणि ती पिशवीतली?" मी विचारलं.

"ती मी मांडीवरच घेऊन बसले होते रे, पुण्यापर्यंत."