हिची वही आणि चोडणची फेरीबोट

फोंडा, रविवार, रात्री उशिरा

मी आयसीयूत होतो त्या दिवसांतली हिची वही आज शेवटी वाचायला घेतली. शाळेच्या पोरांची असते तशी, रेघांची. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून लिहिलेली. निम्म्या पानांवर औषधांचे हिशेब, कुणाकडून किती घेतले त्याच्या नोंदी, आणि मधेमधे माझ्याबद्दल दोन-दोन ओळी. ‘ताप उतरला.’ ‘लघवी बरी होतेय, डॉक्टर खूश.’ ‘नळी काढणार होते, नाही काढली.’

यातलं मला काहीच आठवत नाही. मला आठवते ती फेरीबोट.

रायबंदरहून चोडणला जाणारी. मी खाली पत्र्यावर आडवा, हात बांधलेले. इंजीन अखंड घुमतंय आणि पलीकडचा धक्का काही येत नाही. निळ्या कपड्यांतले खलाशी आपसात हळू कोंकणीत बोलायचे. मला पक्कं ठाऊक होतं की नदीच्या मध्यावर नेऊन हे मला मांडवीत ढकलणार. आणि ही त्यांना सामील आहे. स्वप्न सकाळी विरून जातं, हे विरत नाही. काल रात्री काय जेवलो ते विचारलंत तर आठवायला लागेल, पण त्या पत्र्यावरचा गंज आत्ताही दिसतो.

भाचा भूलतज्ज्ञ आहे, त्याने नंतर एकेक उलगडून सांगितलं. घुमत होता तो व्हेंटिलेटर. हात बांधले, कारण गुंगीतला माणूस तोंडातली नळी उपसून काढतो. ती नळी स्वरयंत्रातून आत जाते, म्हणून जिवाच्या आकांताने ओरडलं तरी आवाज फुटत नाही. दिवे रात्रभर चालू, सारखं कुणीतरी कुशीवर वळवायला, रक्त घ्यायला, नळीतून कफ ओढायला येणार. हे शेवटचं तर बुडाल्यासारखंच लागतं. झोप नाही, त्यात न्यूमोनियाचं विष अंगभर पसरलेलं, वरून गुंगीची औषधं. बाहेर आमची माणसं म्हणत होती, वात झालाय. डॉक्टर डिलिरियम म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये त्याचं प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत सापडलं आहे. एवढी नेहमीची गोष्ट, मग घरच्यांना आधी कुणी का सांगत नाही? माझ्या डिस्चार्ज कार्डावर मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनीन दशांशचिन्हासकट आहे. बोटीचं एक अक्षर नाही.

आणि तहान. दुखण्यापेक्षा तहान वाईट होती. सलाईन शिरेतून जात असतं, पण तोंडाला त्याचा काय उपयोग! खलाशांत एकच भला होता, तो ओल्या फडक्याने माझे ओठ पुसायचा आणि म्हणायचा, ‘भिवपाची गरज ना.’ आज वहीत सापडलं: ‘म्हापशाची सिस्टर ओल्या गॉजने यांचे ओठ पुसते, सारखी बोलते त्यांच्याशी.’ वाचून मी वही मिटली, चहा करून घेतला आणि मग पुढे वाचलं.

पुढे लिहिलंय, ‘आज मला बघून यांनी मान फिरवली.’ मला तो क्षण चांगला आठवतो, फक्त माझ्या बाजूने. हिला काय सांगणार? सांगितलं. ही म्हणाली, ‘मला वाटलं, पैशांवरून रागावलात.’

भाचा सांगतो, युरोपात उत्तरेकडच्या देशांत नर्सच रुग्णासाठी अशी रोजनिशी लिहितात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना अशी वही मिळाली त्यांच्यात नंतर मानसिक आघाताचा त्रास ५ टक्क्यांना झाला, न मिळालेल्यांत १३. पुढे फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत तसा फरक दिसला नाही. असेल. मला तेवढा एक खलाशी ओळखता आला, ते पुरे.

शरीराचं काय, ते हळूहळू येतंय. आयसीयूतल्या पहिल्या दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा सहावा हिस्सा झिजतो, असं मोजलेलं आहे. घरी आलो तेव्हा सोप्यावर बसलो की उठवायला दोन माणसं लागत. चवथीला गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळापानांचं छत, बांधताना नुसता खुर्चीवरून सूचना करत होतो, कुणी ऐकत नव्हतं. येणारा-जाणारा म्हणतो, पुनर्जन्म झाला, देवाने राखला. खरं आहे. पण पेढे वाटून झाले की रात्री दीड वाजता फ्रिज घुमायला लागतो आणि मी घामाघूम उठून बसतो, हे कुणाला सांगावं?

संध्याकाळी डिचोलीहून शेजाऱ्यांच्या भाच्याचा फोन आला. त्याचे वडील आयसीयूत आहेत, कुणाला ओळखत नाहीत, नर्सला शिव्या देतात. म्हटलं, चष्मा घरी आहे का? घेऊन जा. कानाचं यंत्रही. आत सोडतील तेव्हा दरवेळी नाव सांग, वार सांग, ते हॉस्पिटलात आहेत हे सांग, दिवस आहे की रात्र ते सांग. भलतंसलतं बोलले तर वाद घालू नकोस. हात धर.

‘पण त्यांना कळतच नाही, काका.’

म्हटलं, तू सांगत राहा. आणि येताना वाटेत एक वही घे.