५ नोव्हेंबर, पण कुठला?

आज ५ नोव्हेंबर. पुण्यात आज खडकीची लढाई आठवणारच: १८१७, बापू गोखले, आणि बाराच दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण. दिनविशेषाच्या फॉरवर्डमध्ये तिच्याच शेजारी पानिपतची दुसरी लढाई (१५५६) आणि लंडनच्या संसदेखाली दारू ठासण्याचा कट (१६०५) दाटीवाटीने बसवलेले असतात. पण खडकीची तारीख ग्रेगोरियन (म्हणजे आजचं कॅलेंडर), बाकी दोन्ही ज्युलियन (म्हणजे त्याआधीचं जुनं). आजच्या कॅलेंडरात त्या १५ नोव्हेंबरला पडतात!

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या ज्युलियन तारखेत १० दिवस मिळवायचे. इंग्रजांनी १७५२मध्ये ग्रेगोरियनवर येताना २ सप्टेंबरनंतर थेट १४ धरला, त्यामुळे १४ जानेवारी १७६१च्या पानिपताला हात लावायचा नाही.

खरी फसगत सालात होते. १७५२पूर्वी इंग्लंडात अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून तेव्हाच्या इंग्रजी पत्रावर फेब्रुवारीतलं साल बऱ्याचदा एकाने मागे दिसतं. शकाचंही तसंच. इसवी सन काढायला एरवी ७८ मिळवतात, पण शिवजन्माची फाल्गुन वद्य ३, शके १५५१ घेतली तर ७९ मिळवावे लागतात, तेव्हा १६३० येतं. आणि तिची १९ फेब्रुवारी ज्युलियनच, ग्रेगोरियन काढाल तर १ मार्च. जयंतीच्या वादात तिथी की तारीख एवढंच भांडतात, ही तिसरी बाजू कुणी काढत नाही, हे बरंच आहे म्हणा.