सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर: आधी समुद्र निवडावा, मग वाळू

सौराष्ट्राचा नकाशा पाहिला की या द्वीपकल्पाच्या तीन बाजूंना पाणी आहे हे दिसते, पण ही तीन पाणी तीन वेगवेगळ्या स्वभावांची आहेत हे नकाशा सांगत नाही. पूर्वेला खंबातचे आखात, दक्षिण-पश्चिमेला मोकळा अरबी समुद्र आणि उत्तरेला कच्छचे आखात. मुंबई-पुण्याहून सोमनाथ-द्वारकेला जाणारी आपली मंडळी देवळांच्या क्रमाने प्रवास आखतात आणि वाटेत जो समुद्र भेटेल त्यात पाय बुडवतात. आम्हाला मात्र यंदा सुट्टी समुद्रासाठीच हवी होती. सोबत आई आणि मावशी होत्या, दोघींचे गुडघे दुखरे, आणि अजून शाळेत न जाणारी भाची होती. त्यामुळे कोणता किनारा सुंदर हा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि कुठल्या पाण्याची खोली हळूहळू वाढते, कुठे ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि कुठे लाट ओढून नेते, एवढेच आधी विचारून घेतले.

सुरुवात भावनगरपासून केली, ती पोहण्यासाठी नव्हे. खंबातचे आखात नरसाळ्यासारखे आत आत निमुळते होत जाते, त्यामुळे आत शिरणाऱ्या भरतीचे पाणी वर चढते, आणि उधाणाच्या दिवसांत भावनगरजवळ भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. त्यातच नर्मदा, तापी, मही आणि साबरमती या नद्यांचा गाळ याच आखातात येतो, म्हणून पाणी चहाच्या रंगाचे आणि किनारा चिखलाचा. अलंगला जहाजे मोडण्याचा उद्योग 1983 पासून उभा राहिला तोही याच कारणाने: मोठ्या भरतीत जहाज थेट किनाऱ्यावर चढवता येते आणि ओहोटीत ते कोरड्यावर उरते. ज्या गुणामुळे एखादा किनारा जहाजांना सोयीचा होतो, त्याच गुणामुळे तो लहान मुलांना निरुपयोगी ठरतो.

तरीही या बाजूला कोळियाक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये असे माझे मत आहे. निष्कलंक महादेवाचे स्थान समुद्रात सुमारे एक किलोमीटर आत आहे. भरतीच्या वेळी तिथला ध्वजस्तंभ तेवढा पाण्यावर दिसतो आणि ओहोटी लागली की ओल्या तळावरून चालत जाऊन पाच शिवलिंगांचे दर्शन घेता येते. युद्धातल्या स्वजनहत्येचा कलंक पांडवांनी इथे धुतला अशी कथा आहे, आणि श्रावणातल्या अमावास्येला मोठा मेळा भरतो. आई आणि मावशी चपला हातात घेऊन, चिखलात एकमेकींचा आधार घेत, अर्ध्या वाटेपर्यंत गेल्या आणि तिथूनच त्यांनी हात जोडले. कोकणातली माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात, म्हणजे एकादशीला सव्वाआठ. मावशीने तोच हिशेब इथेही मांडला, पण तो मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे. आखातात शिरलेली भरती भावनगरला पोहोचेपर्यंत काही तास उलटलेले असतात. म्हणून इथे स्थानिकांना विचारूनच पाण्यात उतरावे, आणि पाणी फिरले असे पुजारी म्हणाले की गप्पा आवरून निघावे.

गोपनाथला भावनगरच्या राजघराण्याचा उन्हाळी बंगला आहे आणि नरसी मेहतांशी जोडलेले महादेवाचे देऊळ आहे. वारा उत्तम, जागा शांत, पण किनारा खडकाळ आणि कड्याखाली. तासभर बसून आम्ही पुढे निघालो.

दीवच्या अलीकडे रंग बदलतात. गाळ मागे राहतो, आखाताचे तोंड संपते आणि पाणी हिरवट-निळे होते. भरती-ओहोटीतला फरकही कमी होऊन साधारण माणसाच्या उंचीएवढा उरतो. वाळू फिकट आहे, कारण तिच्यात शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचे प्रमाण मोठे आहे. श्रीवर्धन-दिवेआगरची काळसर वाळू पाहिलेल्या डोळ्यांना हा फरक लगेच जाणवतो. शिवाय हिवाळ्यात वारा बहुतेक जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या या किनाऱ्यावर लाटा नरम राहतात. मार्चनंतर वारा फिरतो, आणि जून ते सप्टेंबर या काळात इथल्या पाण्यात उतरण्याचा विचारही करू नये.

दीवला जाणारे बहुतेक जण नागोआला जातात. घोड्याच्या नालेच्या आकाराची ती वाळू खरोखर देखणी आहे, आणि मागे होका नावाची फांद्या फुटणारी ताडाची झाडे आहेत, जी पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणली असे सांगितले जाते. पण शनिवार-रविवारी नागोआवर समुद्राचा आवाज ऐकू येत नाही. गुजरातेत दारूबंदी आहे आणि दीव केंद्रशासित आहे, एवढ्या एका वाक्यात तिथल्या गर्दीचे गणित येते. पाण्यात मोटारबोटी, वर पॅराशूट, काठावर उंट, आणि या सगळ्यांतून वाट काढत पोहणारी माणसे. तरुण मित्रांच्या टोळक्याला ते आवडेल, यात शंका नाही. आम्ही मात्र नागोआ सोमवारी सकाळी पाहिला, नारळपाणी प्यायलो आणि मुक्काम घोघल्याला ठेवला.

घोघला दीव बेटावर नाही. तो खाडीपलीकडे, मुख्य भूमीच्या बाजूचा पट्टा आहे आणि पुलाने दीव शहराशी जोडलेला आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ मिळाला, त्यांत घोघला आणि द्वारकेजवळचे शिवराजपूर असे दोन किनारे याच द्वीपकल्पाचे होते. हे मानांकन डेन्मार्कमधली एक संस्था 33 निकषांवर देते. निकषांत पाण्याची शुद्धता, स्वच्छता आणि सुरक्षा हे विषय येतात. असल्या झेंड्यांकडे मी एरवी संशयानेच पाहतो, पण सोबत साठीपुढच्या दोन स्त्रिया आणि एक लहान मूल असेल तर स्वच्छ न्हाणीघर, कपडे बदलायला आडोसा आणि शिटी वाजवणारा जीवरक्षक या गोष्टींचे मोल वेगळेच कळते. घोघल्याचा तळ सपाट आहे. भाची कमरेइतक्या पाण्यात जायला जेवढे चालली, तेवढ्यात नागोआवर आम्ही एक बोट, दोन स्कूटर आणि एक उंट चुकवला असता. मावशीने गुडघाभर पाण्यात खुर्ची टाकून बसण्याची परवानगी जीवरक्षकाकडे मागितली आणि त्याने ती अगदी गंभीरपणे दिली.

घोघल्याहून संध्याकाळी दीवचा किल्ला समोर दिसतो. पोर्तुगीजांनी तो 1535 पासून बांधला आणि 19 डिसेंबर 1961 पर्यंत राखला. बेटाच्या दक्षिण बाजूला चक्रतीर्थाजवळ ‘आयएनएस खुकरी’चे स्मारक आहे, 9 डिसेंबर 1971 च्या रात्री ही युद्धनौका दीवच्या समुद्रात बुडाली. फुदम गावाजवळ गंगेश्वराची पाच शिवलिंगे खडकात आहेत आणि भरतीच्या लाटा त्यांच्यावर आपणहून अभिषेक करतात. आईला दीवमध्ये सर्वांत जास्त आवडलेली जागा हीच होती.

दीव ते सोमनाथ हा पट्टा लीली नाघेर म्हणून ओळखला जातो, नारळाच्या बागांनी खरोखरच हिरवागार. सोमनाथाविषयी समुद्राच्या बाजूने एवढेच सांगायचे आहे की तो समुद्र पाहण्याचा आहे. देवळामागची लाट जोरदार आहे आणि पोहण्याच्या मोहात पडू नये. 1951 साली प्रतिष्ठा झालेले मोठे देऊळ सगळेच पाहतात. जवळच अहिल्याबाई होळकरांनी 1783 मध्ये बांधवलेले जुने सोमनाथ मंदिर आहे, तिथे मराठी माणसाने मुद्दाम थांबावे. वेरावळ हे मासेमारीचे मोठे बंदर, त्यामुळे त्या बाजूच्या वाळूवर सुट्टीचा विचार करण्यात अर्थ नाही. चोरवाडला जुनागढच्या नवाबाचा उन्हाळी महाल पडक्या अवस्थेत उभा आहे आणि खाली खडकांवर लाटा फुटतात. छायाचित्रे काढावीत, उतरू नये.

माधवपूर घेड हा मला सर्वांत अवघड निर्णय वाटला. रस्त्याला लागूनच मैलोन्‌मैल पसरलेली मऊ वाळू, गर्दी नाही, पाण्याचा रंग मोहात पाडणारा. श्रीकृष्ण आणि रुक्मिणीचा विवाह इथे झाला अशी श्रद्धा आहे आणि रामनवमीपासून त्या लग्नाचा मेळा भरतो. रुक्मिणी विदर्भाची, त्यामुळे आई स्वतःला मुलीकडची समजून देवळात शिरली. याच वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात आणि वनखात्याचे संवर्धन केंद्रही आहे. पण काठाचा उतार तीव्र आहे. चार पावलांत पाणी छातीला लागते आणि परतणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते. समुद्रावर जन्म काढलेली खारवा मंडळीसुद्धा तिथे पोहायला उतरत नाहीत, असे चहावाल्याने सांगितले, आणि आमच्यासाठी तो शेवटचा शब्द ठरला. दिवसभर वाळूवर बसलो, बाजरीचा रोटलो आणि वांग्याचा ओळो खाल्ला, आणि कोरड्या कपड्यांनिशी पोरबंदरकडे निघालो.

द्वारकेत गोमती घाटाचे स्नान हे तीर्थस्नान आहे. समुद्रस्नानासाठी तिथून सुमारे बारा किलोमीटर उत्तरेला शिवराजपूरला जावे. घोघल्याचा हा जोडीदार रूपाने अधिक उजळ आहे. पाणी इतके नितळ की भाचीने स्वतःच्या पायाची बोटे मोजून दाखवली. मात्र त्याचे नाव झाल्यापासून द्वारकेच्या दर्शनाला आलेल्या बसगाड्या दुपारनंतर इथे रिकाम्या होतात. तिकीट खिडकी उघडली की लगेच आत जावे आणि ऊन तापण्याआधी निघावे, हे उत्तम. एका टोकाला खडक आहेत. तिथे जीवरक्षक नसतो, त्यामुळे मुलांना आखून दिलेल्या भागातच ठेवावे. हा ओखामंडळाचा मुलूख दीर्घकाळ बडोद्याच्या गायकवाडांकडे होता, आणि ओख्याचे बंदरही सयाजीरावांच्या राजवटीतले. ओख्याहून बेट द्वारकेला आता होडीची गरज उरलेली नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये खुला झालेला सुदर्शन सेतू 2.32 किलोमीटर लांबीचा आहे. सेतूमुळे आईच्या गुडघ्यांची सोय झाली, पण होडीतून जाण्याची मजा गेली, असे तिचेच म्हणणे.

ओख्याचे टोक वळले की तिसरे पाणी सुरू होते. कच्छच्या आखातात 1982 साली देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याचा सर्वांत सोपा दरवाजा म्हणजे वाडीनारजवळचे नरारा. इथे पोहायचे नसतेच. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊन ओहोटीत उघड्या पडलेल्या प्रवाळाच्या तळावर चालायचे असते, तेही तळ शाबूत असलेले जुने बूट घालून, आणि जिवंत प्रवाळावर पाय पडणार नाही याची काळजी घेत. खळग्यांत साचलेल्या पाण्यात खेकडे, समुद्रफुले, समुद्रकाकड्या आणि फुगणारे मासे दिसतात. वाटाड्या एखादा प्राणी हातात देऊ लागला तर नम्रपणे नाही म्हणावे; त्या प्राण्यासाठी तो खेळ नसतो. आई आणि मावशी काठावरच थांबल्या, कारण ओला खडक निसरडा होता, आणि भाचीला मी खांद्यावर घेतले.

नराऱ्याला किती तळ उघडा पडेल हे तिथीवर ठरते, आणि सगळी सहल आम्ही त्यावरूनच मागे मोजत आखली होती. मार्गशीर्षात शुद्ध तृतीयेच्या सुमारास, उधाण ओसरण्याआधी, कोळियाक. मग अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत पाणी सर्वांत कमी हलते तेव्हा, घोघल्याचा मुक्काम. एकादशीला द्वारका, जिथे त्या दिवशी गर्दी होणार हे ठाऊक असूनही आईपुढे आमचे काही चालले नाही. आणि पौर्णिमेला सकाळी नरारा, जिथून जामनगरला जाऊन परतीची सौराष्ट्र मेल पकडता येते.