आधीच कुणीतरी फोडलेलं

पाकिटांचा पसारा मांडायचा तर वीज जावी लागते. पंखा चालू असला की ऐंशी वर्षांपूर्वीचे कागद खोलीभर उडतात, आणि आपणहून पंखा बंद करून बसावं तर सोलापूरचा एप्रिल बसू देत नाही. त्यामुळे दुपारी वीज गेली की घरात एकटा मीच खूश असतो. ट्रंक ओढायची, सतरंजी झटकायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा. घामाचा एक थेंब सहाव्या जॉर्जच्या जांभळ्या तिकिटावर पडला तर तिकिटाचंही नुकसान आणि माझ्या झोपेचंही. टॉवेलांची आमच्या गावात ददात नाही, हे एक बरं.

परवा एक पाकीट हाताला लागलं आणि दुपार तिथेच अडली. दुसऱ्या महायुद्धातलं, खाकी. डाव्या कडेवर कागदाची पट्टी दुमडून चिकटवलेली. पट्टीवर इंग्रजीत छापलेलं, परीक्षकाने, म्हणजे सेन्सॉरने, उघडलं आहे म्हणून, आणि पुढे एक आकडा. इतकी वर्षं घट्ट बसलेली ती पट्टी उन्हाळ्याने एका टोकाला सुटली होती. खालचा काप दिसला. काय सरळ काप होता! पाकीट फाडलेलं नव्हतं, ओरबाडलेलं नव्हतं. धारदार सुरी एकदाच फिरवलेली. हा हात सरावाचा. दिवसभर हेच काम करणाऱ्याचा. काप घ्यायचा, पत्र काढायचं, वाचायचं, घडी होती तशी घालायची, पट्टी लावायची, शिक्का मारायचा, की पुढचं. घरी जाताना या माणसाच्या डोक्यात कितीजणांच्या सासवा, कर्जं आणि आजारपणं असतील?

युद्धकाळातली टपाल गोळा करणाऱ्यांमध्ये दोन जाती आहेत. एकांना शिक्के हवे असतात. सेन्सॉरचा क्रमांक कोणता, फील्ड पोस्ट ऑफिस कितवं, ते त्या तारखेला कुठल्या मुलखात होतं, हे सगळं तक्त्यांवरून लावायचं. पाकिटावर गावाचं नाव लिहायला बंदी, म्हणून नंबरावरून गाव काढायचं. मजा आहे त्यातही, नाही असं नाही. पहिल्या महायुद्धात पंचम जॉर्जच्या तिकिटांवर आय.ई.एफ. अशी अक्षरं छापून ती परदेशी गेलेल्या हिंदी फौजेसाठी वापरली, त्या तिकिटांवर माझाही जीव आहे. पण मी मुळात दुसऱ्या जातीचा. मला आतलं पत्र लागतं. रिकामं पाकीट कितीही दुर्मीळ असो, मला ते सामसूम वाटतं.

शिवाय माझी एक खोड आहे, जिच्यावर पुण्यातले एक जाणकार स्नेही मनापासून चिडतात. मला भोक पडलेली पाकिटं आवडतात. वाचकांपैकी पन्नाशीच्या पुढच्यांना सांगायला नको, खिळ्याला टांगलेली आकड्याची तार, खाली लाकडाची चकती, आणि आलेलं प्रत्येक पत्र वाचून झालं की त्या तारेत खुपसलेलं. बिलं, पावत्या, लग्नपत्रिका, खुशालीची कार्डं, सगळ्यांच्या पोटातून एकच तार. बाजारात अशा पाकिटांना निम्मीसुद्धा किंमत येत नाही. स्नेही त्यांना "काणी" म्हणतात. मी मात्र मुद्दाम ती घेतो. भोक आहे म्हणजे ते पत्र पोचलं, कुणीतरी वाचलं आणि हात उंच करून तारेत ओवलं, एवढं तरी पक्कं.

अशी तार मी पहिल्यांदा पाहिली ती अव्वांच्या घरी. आम्ही मिलच्या चाळीत राहायचो. भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. अव्वा शेजारच्या खोलीत. घरात तेलुगू, चाळीत मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. पान कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळलं, टोक दुमडलं, दोरा. मुलगा लष्करात. तो शिकला मराठी शाळेत, म्हणून पत्रं मराठीत लिहायचा. अव्वांना वाचता येत नव्हतं, आणि अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, मिलमध्ये साचाखात्यात कायम दुसऱ्या पाळीला. तेव्हा पत्र वाचायचं काम माझ्याकडे. मी चौथीत होतो. मोबदला म्हणून मूठभर शेंगदाणे.

मुलाचा पत्ता होता ५६ एपीओ. लष्कराची टपाल कुठल्याही डोंगरात जायची असो, बाहेरच्या माणसाने एवढंच लिहायचं. अव्वांनी पोस्टमनला एकदा सरळ विचारलं होतं, "छप्पन्न एपो कुर्डुवाडीच्या अलीकडं की पलीकडं?" पोस्टमन म्हणाला, "लई पलीकडं." अव्वांचं समाधान झालं.

मग १९७१ चं युद्ध आलं. अव्वांच्या वतीने मी लिहिलेल्या उत्तराच्या पाकिटावर पाच पैशांचं जादा तिकीट लागायला लागलं, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी. १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत ते चाललं. घाईत नवं तिकीट कुठून आणणार, म्हणून कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच निर्वासित साहाय्याची अक्षरं छापली, आणि ती छापील तिकिटं पोचेपर्यंत ठिकठिकाणच्या पोस्टांनी आपापले रबरी शिक्के करून तेच काम भागवलं. त्या शिक्क्यांचे इतके प्रकार आहेत की नुसते तेवढेच जमवणारे लोक आहेत. पण विषय तो नव्हता.

विषय असा, की युद्धाच्या दिवसांत आईने मला बजावून ठेवलं होतं, "अव्वांच्या पत्रात काही वाईट असलं तर वाचायचं नाही. आधी घरी येऊन सांगायचं." म्हणजे वाचल्याशिवाय वाईट आहे हे कळणार कसं, हा प्रश्न आईला विचारायची सोय नव्हती. एक पत्र आलं. मी उंबऱ्यावर बसून सुरू केलं. इकडे थंडी फार आहे, कांबळं मिळालं आहे, जेवण बरं आहे. पुढची ओळ होती, पायाला लागलं आहे, दवाखान्यात आहे, आईला घाबरवू नये. मी थांबलो. मग एकदम खाली उडी मारली, अण्णांना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

अव्वांचा दोरा हातातच राहिला. "मधी का थांबलास रे?"

"अक्षर बारीक आहे."

त्यांनी विडी पुरी बांधली, सुपात टाकली. "पुन्हा वाच की."

दुसऱ्यांदा मी न थांबता वाचलं. थंडी, कांबळं, जेवण, नमस्कार. एकही अक्षर अडखळलं नाही. पत्र तारेत गेलं. पुढच्या गड्ड्याच्या यात्रेत तो मुलगा लंगडत फिरताना दिसला, पाळण्याजवळ उभा राहून भजी खाताना, आणि प्रकरण माझ्यापुरतं मिटलं. अव्वा त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत. फक्त नंतरची पत्रं त्या दोनदा वाचून घ्यायच्या. एकदा माझ्याकडून आणि एकदा पोस्टमनकडून.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं बुलोन इथे तपासली जायची. कॅप्टन एव्हलिन हॉवेल नावाचा अधिकारी सुरुवातीला त्या कचेरीचा प्रमुख होता. निवडक पत्रांचे इंग्रजी उतारे काढून वेळोवेळी अहवाल वर जायचे. शिपाईही काही भोळे नव्हते. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असा मजकूर घरी जायचा. काळी म्हणजे आपले लोक, लाल म्हणजे गोरे. हॉवेलच्या कचेरीला हा मसाला लगेच कळला, म्हणून तर तो आज आपल्यालाही ठाऊक आहे. गंमत बघा, मूळ पत्रं बहुतेक गेली. गावोगावच्या घरांमध्ये पावसाने, वाळवीने, चुलीने संपवली. उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत शाबूत. ज्याच्यापासून लपवायचं त्यानेच जपून ठेवलं. यावर रागवावं की आभार मानावेत, हे माझं अजून ठरलेलं नाही.

आपल्याकडे सांकेतिक लिहायला मिरची लागत नव्हती. कार्डाच्या कोपऱ्याला हळद-कुंकू म्हणजे शुभ, कोपरा फाडलेला म्हणजे कुणीतरी गेलं. ते कार्ड घरात आणायचं नाही, तारेत तर नाहीच नाही, वाचून तिथेच फाडायचं. माझ्या संग्रहात कोपरा फाटलेलं एकही कार्ड नाही आणि ते असूही नये.

त्याहून कडेलोट म्हणजे युद्धावरच्या शिपायाने घरी पाठवायचं फील्ड सर्व्हिस कार्ड. वाक्यं आधीच छापलेली. मी ठीक आहे. मला इस्पितळात दाखल केलं आहे. तुमचं पत्र मिळालं. नको असलेलं खोडायचं, तारीख आणि सही करायची, बस. आणखी एक शब्द लिहाल तर कार्ड नष्ट केलं जाईल, अशी धमकीही तिथेच छापलेली. आमचे चिरंजीव बंगळुरूहून मोबाइलवर नुसता अंगठा पाठवतात, ते याच कार्डाचे वारस.

आमच्या भागात या टपालीची खाण आहे, फक्त खणायला लोक नाहीत. इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात पुणे डिव्हिजन अडकली, २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली, त्यात मराठा पलटणी होत्या. अहमदनगरला पहिल्या युद्धात जर्मन कैद्यांची छावणी होती आणि त्यांची पत्रं आज युरोपात विकली जातात. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला हजारो पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या पत्रांवर पोलिश अक्षर, भारतीय तिकीट आणि सेन्सॉरची पट्टी, तिन्ही एका जागी. आणि खुद्द सोलापूर. १९३० च्या मे महिन्यात इथे लष्करी कायदा लागला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन येरवड्याला फासावर गेले. त्या मे महिन्यातलं, शोलापूर अशा इंग्रजी शिक्क्याचं एक साधं कार्ड मला हवं आहे. भाव उतरला का आणि मुलगी नांदते का, एवढाच मजकूर असला तरी चालेल.

दुसरं हवंय ते मिळणार नाही. भैय्या चौकातल्या स्मारकासमोरून गेलो की आठवतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले, बत्तिसाव्या वर्षी. त्यांच्यावरचं चीनचं १९८२ चं तिकीट माझ्याकडे आहे, आपलं १९९३ चंही आहे. दोन्ही कोरी. एका युद्धातून निघून दुसऱ्या युद्धातून वाट काढत सोलापूरला आलेलं त्यांचं एखादं पाकीट कसं दिसत असेल, किती हातांनी फोडलेलं असेल, याचा विचार मी उगाच करत बसतो. वडील वारले तेव्हाही ते चीनमध्येच होते.

तर ते खाकी पाकीट. आत पत्र आहे, म्हणून तर घेतलं. पत्ता इंग्रजीत, पलटणीतल्या कारकुनाच्या वळणदार हातचा. तालुका बार्शी, जिल्हा शोलापूर. आत शिपायाचं स्वतःचं मराठी, पेन्सिलीने, कागदाच्या दोन्ही बाजूंना. तीर्थरूप दादांचे चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार. पहिल्याच पानावर "आम्ही हल्ली" या शब्दांनंतर एक चौकोनी खिडकी. सेन्सॉरने गावाचं नाव कात्रीने कापून काढलं आहे. नियमच तसा. पण कागदाला दोन बाजू असतात, ही गोष्ट नियमात बसत नाही. पुढचं गाव गेलं, त्याच्यासोबत मागच्या ओळीतला एक निरपराध शब्दही गेला. मागे, तळाशी, आता एवढंच उरलं आहे: खिडकी, आणि मग "ला कितवा लागला ते कळवावे".

कुणाला कितवा महिना लागला?

मी म्हणतो, म्हैस. आधीच्या ओळीत कडब्याची चौकशी आहे, पुढे विहिरीचा गाळ काढला का असं विचारलंय, मधे म्हैसच बसते. गाभण जनावराचे महिने शेतकरी बोटांवर मोजतो. शिवाय त्या काळी बायकोच्या दिवसांबद्दल सख्ख्या वडिलांना कुठला मुलगा पत्रातून विचारेल? पुण्याचे स्नेही म्हणतात, खिडकीच्या मापात दोनच अक्षरं बसतात, तेव्हा "म्हैशी" बसतं. बरं वाटलं. भोकाच्या मुद्द्यावर नाही तरी इथे आमचं जमलं.

वीज आली तेव्हा पत्र उडू नये म्हणून मी ते तळहाताखाली दाबून धरलं होतं. ही चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या वाचून म्हणाली, "अहो, म्हशीचं विचारायचं असतं तर पहिल्या पानावर नसतं का विचारलं? हे बघा ना, मागे, अगदी तळाला, बारीक अक्षरात लिहिलंय."